कुजबुज ऐकू येणारा दरवाजा



आज सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार. ही पत्रिका तुमच्या हाती पडेल तेव्हा आजची वाचने तुम्ही ऐकलेली असतील किंवा थोड्या वेळात ऐकाल. पहिल्या वाचनात अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि कुष्ठरोगातून बरा होतो. अलीशा संदेष्टा त्याच्याकडून कसलीही भेट घेत नाही, तेव्हा नामान एक वेगळीच मागणी करतो. दोन खेचरांवर मावेल एवढी या देशाची माती मला नेऊ द्या, असे तो म्हणतो. दुसऱ्या वाचनात संत पौल तुरुंगात बसून तीमथ्याला लिहितो की बेड्या मला पडल्या आहेत, देवाच्या वचनाला नव्हे. आणि शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून येशूला हाक मारतात.

दर तीन वर्षांनी हे शुभवर्तमान येते आणि दर वेळी मी कृतज्ञतेवर प्रवचन करतो. दहांपैकी एकच परत आला, तोही शोमरोनी, उरलेले नऊ कुठे गेले, तुम्ही त्या नवांतले की तो एक, वगैरे. तुम्हाला ते पाठ झाले असेल. या वेळी मात्र वाचन तयार करताना मी वेगळ्याच ठिकाणी अडलो. हे दहा जण दूर का उभे होते? नियमच तसा होता. कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहायचे, माणूस दिसला की ओरडून आपण अशुद्ध आहोत हे सांगायचे. म्हणून त्यांना ओरडावे लागले. हळू बोलून त्यांचे कोणी ऐकणार नव्हते.

असे हळू बोललेले ऐकू येणारी एक जागा मी पाहिली आहे. तिच्याबद्दल आज लिहायचे आहे, पण तिथे पोहोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

गेल्या वर्षी जून महिन्यात मी अठरा दिवस आयर्लंडमध्ये होतो. माझ्या थोरल्या भावाची मुलगी डब्लिनच्या एका रुग्णालयात नर्स आहे. तिच्या वॉर्डात केरळच्या मुली पुष्कळ, काही गोव्याच्या, काही फिलिपिन्सच्या. तिने तिकीट काढून पाठवले आणि फोनवर बजावले, "काका, आता नाही आलात तर कधीच येणार नाही." विमानतळावर ती धावत आली, मला बिलगली, बॅग हातातून ओढून घेतली. बसच्या थांब्यावर मात्र इकडे तिकडे पाहत हळूच म्हणाली, "काका, इथे फिरताना कॉलर नाही लावली तर चालेल ना?"

मी विचारले, "का गं?"

"असंच. लोक बघतात."

मी कॉलर काढली आणि बॅगेत ठेवली. खरे सांगतो, मला लागले. आपल्याकडे कॉलर पाहिली की भरलेल्या एसटीतही कोणी तरी उठून जागा देतो. ज्या देशाने जगभर धर्मगुरू आणि धर्मभगिनी पाठवल्या, त्या देशात माझ्याच घरच्या मुलीला माझ्या कॉलरची लाज वाटावी? त्या रात्री मी तिच्याशी नीट बोललोही नाही. जेवलो आणि झोपलो.

तिला सुट्टी मिळेल तशी आम्ही डब्लिनहून सुटणाऱ्या सहलींची तिकिटे काढली. सकाळी बस, त्यात चाळीस-पन्नास माणसे, पुढे माइक घेतलेला गाइड. एका जागी पाऊण तास माहिती, वीस मिनिटे मोकळा वेळ, मग पुन्हा बस. ज्यांनी रोम किंवा पवित्र भूमीची यात्रा केली आहे त्यांना हे ठाऊक आहे. फरक एवढाच, की यात्रेच्या बसमध्ये रोझरी सुरू असते आणि या बसमध्ये विनोद.

न्यूग्रेंज येथे आम्ही प्रथम गेलो. ते ख्रिस्ती स्थान नव्हे. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, म्हणजे इजिप्तच्या गिझा येथील पिरॅमिडांच्याही आधी, तिथल्या शेतकऱ्यांनी दगडमातीचा प्रचंड उंचवटा रचला आणि त्यात १९ मीटर लांबीचा अरुंद बोळ ठेवला. डिसेंबरात सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याची तिरीप दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या खोलीपर्यंत जाते आणि सुमारे १७ मिनिटे राहते. १९६७ साली पुरातत्त्वज्ञ मायकल ओ'केली यांनी पहाटे आत बसून हे प्रथम पाहिले. आम्ही गेलो ते जूनमध्ये, तेव्हा गाइडने आतले दिवे मालवले आणि सूर्याच्या जागी एक विजेचा दिवा लावला. आहे तशी ती नक्कलच. पण मालवल्यानंतरच्या त्या अर्ध्या मिनिटात एकही माणूस बोलला नाही. मला आगमनकाळाची आठवण झाली. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेली माणसे वर्षाच्या सर्वांत काळ्या दिवसांत प्रकाशासाठी भिंतीत जागा ठेवून बसली होती.

ग्लेंडलॉकला गर्दी जास्त. दोन तळ्यांच्या दरीत सहाव्या शतकात संत केव्हिन एकांतासाठी येऊन राहिले आणि त्यांच्यामागे माणसे येत गेली, मठ झाला, वस्ती झाली. सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा अजून ताठ उभा आहे. त्याचे दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर, शिडी लावून चढावे लागे असे. मठाच्या कमानीतून आत शिरले की उजव्या हाताला भिंतीतल्या एका दगडावर क्रूस कोरलेला आहे. पाठलाग होत असलेला माणूस इथवर पोहोचला की त्याला आश्रय मिळे, ही त्याची खूण. आमच्यातले बरेच जण हातात कॉफीचे कप घेऊन त्या कमानीखालून गेले. मीही गेलो. गाइडने संत केव्हिन आणि पक्ष्याची आख्यायिका सांगितली. हात पसरून प्रार्थना करताना एका पक्षिणीने त्यांच्या तळहातावर अंडे घातले आणि पिलू बाहेर येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. सगळे हसले. गोष्ट हसण्यासारखी आहेच. पण कोणाच्या तरी पिलाला इजा होऊ नये म्हणून हात न हलवणारा साधू ज्या लोकांना आठवणीत ठेवावासा वाटला, ते लोक काय मानत होते हेही त्यात दिसते. ही गोष्ट पुढे मला पुन्हा आठवली, आणि तेव्हा हसू आले नाही.

स्केलिग मायकल राहूनच गेले. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर भर समुद्रात उभा तो सुळका. मठवासी तिथे सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या चढून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्यांत राहत, उपासना करत. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. पुढे तिथे 'स्टार वॉर्स' चित्रपटाचे चित्रीकरण झाले, तेव्हापासून पुष्कळ लोक त्यासाठीच येतात. आम्ही आदल्या दिवशी एवढा लांबचा प्रवास करून गेलो आणि सकाळी समुद्र खवळलेला. बोट रद्द. पैसे परत मिळाले, पण हिरमोड झाला तो झालाच.

त्या मोकळ्या दिवशी, आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजोबांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून एका टेकडीवर नेले. तिथे तिकीट नव्हते, पाटी नव्हती, गाइडही नव्हता. ओल्या गवतात कमरेएवढा सपाट दगड आणि त्यावर बोटभर खोल क्रूस. याला ते 'मिस्साचा दगड' म्हणतात. असे दगड आयर्लंडभर आहेत. १६९५ पासून इंग्रजी सत्तेखाली कॅथलिकांविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. १६९७ च्या कायद्याने बिशपांना आणि मठवासी धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले. परत येणाऱ्याला देहदंड. मठ आणि चर्चेस त्यापूर्वीच गेली होती. मग लोक डोंगराच्या आडोशाला जमत, एक जण उंचावर पहारा ठेवी आणि धर्मगुरू अशा दगडावर मिस्सा अर्पण करी. ज्या माणसाकडे छप्परही नाही त्याच्या श्रद्धेला तुम्ही कुठे कुलूप लावणार? आज संत पौल तीमथ्याला बेड्यांविषयी लिहितो, त्याचा अर्थ मला त्या गवतात उभा राहून जितका कळला तितका सेमिनरीतल्या वर्गात कळला नव्हता.

आपल्या वसईच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. आज त्या भिंतींपुढे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. पण आपले पूर्वज ख्रिस्ती राहिले. भिंती पडल्याने धर्म बुडाला नाही.

आयर्लंडमध्ये तर उलटेच झाले. १८२९ मध्ये कॅथलिकांना बरेचसे हक्क परत मिळाले आणि बारा वर्षांत, १८४१ मध्ये, लोरेटो धर्मभगिनी डब्लिनहून कोलकात्यात पोहोचल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी प्रेझेंटेशन धर्मभगिनी मद्रासला आल्या. १९२८ साली अठरा वर्षांची एक मुलगी इंग्रजी शिकायला डब्लिनजवळच्या रॅथफार्नम येथील लोरेटो मठात दाखल झाली आणि तिथून भारतात आली. तिला आपण संत मदर तेरेसा म्हणून ओळखतो. मिस्साच्या दगडाभोवती ओलेत्याने उभ्या राहिलेल्या लोकांच्या नातवंडांनी आपल्या मुलांना शिकवले, हे विसरू नये.

आता त्या जागेकडे येतो. तिचे नाव क्लॉनमॅकनॉइज.

शॅनन नदीच्या काठी, देशाच्या अगदी मध्यभागी, गवताळ उतारावर सात-आठ पडकी चर्चेस, दोन गोल मनोरे, उंच दगडी क्रूस आणि शेकडो थडगी. सहाव्या शतकाच्या मध्यास संत कीरान या तरुण मठवाश्याने इथे पहिले लाकडी चर्च उभारले. परंपरा सांगते की ते सुताराचे पुत्र होते आणि तेहतिसाव्या वर्षी वारले. लोकांना त्यात कोणाची आठवण होत असे ते सांगायला नको. मठ उभारून फार दिवस झाले नव्हते, पण पुढे सहाशे वर्षे युरोपभरातून विद्यार्थी इथे येत राहिले.

आमची गाइड पन्नाशीची बाई होती, सरकारी खात्याचे जाकीट घातलेली. सावकाश बोलणारी. तिने आम्हाला आधी आत नेऊन धर्मग्रंथांचा क्रूस दाखवला. इसवी सन ९०० च्या सुमाराचा, चार मीटर उंच. पावसाने झिजू नये म्हणून मूळ क्रूस आता इमारतीत ठेवला आहे आणि बाहेर त्याची प्रतिकृती आहे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दगडात कोरलेले धर्मशिक्षणच ते. तळाच्या एका चौकटीत कबरेतला ख्रिस्त आडवा आहे, वर पहारेकरी शिपाई बसले आहेत, आणि एक लहान पक्षी ख्रिस्ताच्या ओठांशी चोच नेऊन श्वास घालतो आहे. पुनरुत्थानाचे असे चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही. माझी पुतणी त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. नर्सच ती. "तोंडाने श्वास देतोय," एवढेच म्हणाली.

मग बाहेर. तिथले सर्वांत लहान चर्च, चार पावलांत संपणारे, हे संत कीरान यांच्या कबरेवर बांधलेले आहे असे मानतात. त्याची आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली आहे. गाइड म्हणाली की शेतकरी पिढ्यान् पिढ्या इथली मूठ मूठ माती नेत आणि शेताच्या चारी कोपऱ्यांत टाकत. गुरे आणि पीक सुरक्षित राहावे म्हणून. एका गृहस्थांनी 'अंधश्रद्धा' असे काहीसे पुटपुटले. मला नामान आठवला. तो मोठा सेनापती, त्याच्या देशात माती काय कमी होती? पण ज्या भूमीवर देवाने आपल्याला स्पर्श केला तिच्यावरच उभे राहून त्याला नमन करावे, हे त्याला वाटले आणि अलीशाने त्याला हसून लावले नाही. शांतीने जा, म्हणाला. आपल्या आयाबाया क्रूसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावून उरलेली घरी आणतात, वेलांकिणीहून तेल आणतात. त्यांना हसण्याआधी नामानाची गोष्ट वाचावी. एवढे मात्र खरे, की नामानाने माती नेली ती तिच्यावर गुडघे टेकण्यासाठी.

नंतर कोणी तरी तो ठरलेला प्रश्न विचारला. हे सगळे पाडले कोणी? "व्हायकिंग ना?"

गाइडला हा प्रश्न रोजचाच असावा. ती म्हणाली, व्हायकिंग आले हे खरे, नदीतून जहाजे घेऊन आले, लुटले, जाळले. नॉर्मन आले. १५५२ मध्ये अथलोनच्या छावणीतल्या इंग्रज शिपायांनी तर घंटा, ग्रंथ, खिडक्यांच्या काचासुद्धा नेल्या, त्यानंतर हा मठ पुन्हा उभा राहिला नाही. "पण व्हायकिंगांपेक्षा जास्त वेळा हा मठ आमच्याच राजांनी जाळला. आणि ते राजे बाप्तिस्मा झालेले होते." मग तिने ७६४ सालची हकीकत सांगितली. त्या साली क्लॉनमॅकनॉइज आणि डरो या दोन मठांच्या माणसांची आपापसांत लढाई झाली. डरोची सुमारे २०० माणसे मेली. डरो मठ संत कोलंबा यांचा. कीरान आणि कोलंबा हे दोघे क्लोनार्डच्या मठात एकाच गुरूचे शिष्य होते असे परंपरा मानते. गुरुबंधूंच्या मठांनी दोनशे मुडदे पाडले, आणि तेही पहिला व्हायकिंग या बेटावर पाय ठेवण्याच्या तीस वर्षे आधी.

बसमधले लोक पुढे सरकले. मी तिथेच थांबलो. संकट बाहेरून येते असे आपण किती सहज धरून चालतो! प्रवचनात तर आम्ही धर्मगुरू ते नेहमीच सांगतो. टीव्ही, मोबाइल, पंथ, पैसा, परदेश. मीही सांगितले आहे, याच वेदीवरून.

चालता चालता मी पुतणीला विचारले, "तू मला कॉलर काढायला का सांगितलंस, ते आता सांग."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या वॉर्डात एक वयस्कर बाई होत्या काका. रात्री ओरडत उठायच्या. लहानपणी सिस्टरांच्या संस्थेत होत्या. फादर कम्युनियन घेऊन आले तर भिंतीकडे तोंड करून घ्यायच्या. तिथले माझ्याबरोबरचे सगळे सांगतात, प्रत्येकाच्या घरात असं कोणीतरी आहे. तुम्ही तसे नाही हे मला माहीत आहे. पण रस्त्यावरच्या बाईला ते कसं कळणार?"

बंधू-भगिनींनो, हे लिहिणे मला सोपे नाही, आणि तुमच्यातल्या काहींना ते पॅरिशच्या पत्रिकेत नको होते असेही वाटेल. पण आयर्लंडमध्ये जाऊन मी फक्त मनोरे मोजले असे खोटे कसे सांगू? १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला गेले तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील मिस्साला दहा लाखांहून अधिक लोक होते. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, ते क्लॉनमॅकनॉइजच्या याच उतारावर येऊन प्रार्थना करून गेले. त्यानंतर तीस वर्षांनी, २००९ च्या मे महिन्यात, धर्मसंघांच्या संस्थांमधून मुलांवर अनेक दशके झालेल्या अत्याचारांचा चौकशी अहवाल आला आणि नोव्हेंबरमध्ये डब्लिन महाधर्मप्रांताविषयीचा दुसरा. दुसऱ्या अहवालाचा ठपका असा, की तक्रारी येत होत्या, पण मुलांपेक्षा ख्रिस्तसभेची अब्रू, तिची मालमत्ता आणि बोभाटा न होणे यांना अधिक जपले गेले. २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून क्षमा मागितली. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच फिनिक्स पार्कमध्ये मिस्साच्या आरंभी एकेक पाप उच्चारून क्षमायाचना केली. २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटले होते. २०२२ मध्ये ६९ टक्के.

दीडशे वर्षांचे कायदे, फाशी आणि उपासमार जे करू शकले नाही ते कशाने झाले, ते त्या अहवालांत लिहिलेले आहे. मुले बोलली होती. हळू बोलली होती. ज्यांनी ऐकायचे ते दूर उभे होते, आणि या वेळी कुष्ठरोग्यांनी ओरडूनही कोणी थांबले नाही. तळहातावरच्या पक्ष्यासाठी हात न हलवणाऱ्या संताचा हा देश.

'तिकडचे' म्हणून हे बाजूला सारू नका. मला तरी ते सारता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सणाच्या आदल्या संध्याकाळी एक बाई धर्मगुरूनिवासावर आली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती. म्हणाली, "फादर, मुलीचं जरा बोलायचं होतं." मांडववाला थांबला होता, बँडवाला पैसे मागत होता, बिशप सकाळी येणार होते. मी म्हटले, "सण झाला की या हं." तिने मान हलवली आणि गेली. सण झाला. ती आली नाही. मीही गेलो नाही. काही महिन्यांनी ते कुटुंब गाव सोडून गेले. मुलीचे काय होते ते मला आजपर्यंत कळलेले नाही. कदाचित फीचा प्रश्न असेल. कदाचित नसेल. मी हे पापनिवेदनात सांगितले आहे, पण त्या बाईला सांगायचे राहिले आहे.

क्लॉनमॅकनॉइजचे मुख्य चर्च आता छपराविना आहे. त्याचे उत्तरेकडचे दार पंधराव्या शतकातले. दारावर तीन संत कोरले आहेत, मध्ये पॅट्रिक, दोन बाजूंना फ्रान्सिस आणि डॉमिनिक. कमानीला दगडाच्या खोल पन्हळी आहेत, एका बाजूच्या पायथ्यापासून वर जाऊन दुसऱ्या बाजूला उतरणाऱ्या. या दाराला 'कुजबुजणारा दरवाजा' म्हणतात. एका बाजूला भिंतीकडे तोंड करून अगदी हळू बोलले, तर आवाज दगडाच्या पन्हळीतून चढून दुसऱ्या बाजूला कान लावलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू जातो. मध्ये उभ्या असलेल्याला काही कळत नाही. गाइडने स्थानिक परंपरा सांगितली. कुष्ठरोगी इथे येऊन पापनिवेदन करत. ते एका बाजूला, धर्मगुरू दुसऱ्या बाजूला. जवळ यायला नको, आणि ओरडायलाही नको.

मी दारापुढे उभा राहून त्या पन्हळीकडे पाहत होतो. ज्या कोणी गवंड्याने ती कोरली त्याने हे मुद्दाम केले की सहज झाले, देव जाणे. पण दूर उभ्या राहणाऱ्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत यावा म्हणून दगड पोखरलेला आहे, असे त्याच्याकडे पाहून वाटत होते. आज सायंकाळी घरी गेल्यावर तुमच्या घरात कोण हळू बोलते ते जरा आठवा. सुनेने दोनदा सुरू करून सोडून दिलेले वाक्य. 'मला त्या क्लासला जायचं नाही' म्हणणारा मुलगा, ज्याला आपण आळशी म्हटले. वेदीसेवक म्हणून यायचे अचानक बंद केलेला मुलगा, ज्याची आम्ही चौकशी केली नाही. आमचे धर्मगुरूनिवास, आमची धर्मशिक्षणाची शाळा, आमची पॅरिश कौन्सिल, इथे कोणी हळू बोलले तर ते दुसऱ्या बाजूला पोहोचते का? माझ्या दारावर 'भेटीची वेळ' अशी पाटी आहे. ती मी काढलेली नाही, पण तिच्याखाली आता माझा मोबाइल क्रमांक लिहिला आहे.

बसची वेळ होत आली होती. लोक पाळीपाळीने कमानीच्या दोन बाजूंना उभे राहून "हॅलो, हॅलो" करत होते, हसत होते. मुलांनी तर धमाल केली. आमची पाळी शेवटची. पुतणी पलीकडे गेली आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीपाशी उभी राहिली. मी अलीकडे दगडाला कान लावला. दगड थंडगार होता. आधी नुसता वारा.

मग अगदी कानाशी, "काका, ऐकू येतंय का?"

मी भिंतीकडे तोंड करून म्हटले, "येतंय. बोल."

बसचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न देऊन गेला. आम्ही चढलो तेव्हा बाकी सगळे जागेवर बसलेले होते, आणि उशीर केल्याबद्दल मी सर्वांची माफी मागितली.